तुमचे प्रश्न : मुलांना घडवणाऱ्या फादरांना कोण घडवतं?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायला निघालेल्या मुलांच्या शिक्षणाच्या घरात, मुलांसोबत राहणाऱ्या फादरांना त्या कामाचं वेगळं ट्रेनिंग मिळालंच पाहिजे, नुसतं चांगला फादर असून भागत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. बेळगाव शहरातनं आलीत, खानापूर-नंदगडकडनं आलीत, निपाणीचं एक आहे. नावं कुणाचीच छापत नाही, घरच्या गोष्टी आहेत. लांब पत्रं थोडी कापलीत, बोलणं तुमचंच ठेवलंय.

प्रश्न : फादर, माझा मुलगा पीयूसी (बारावी) झाल्यावर सेमिनरीत गेलाय, पहिलंच वर्ष. तिथं त्यांच्यावर जे फादर आहेत ते वयानं अगदी तरुण, परवापर्यंत आमच्या शेजारच्या चर्चमध्ये असिस्टंट होते. माणूस चांगला आहे, गातात छान, पोरांच्यात मिसळतात. पण माझं पोरगं अठरा वर्षांचं, त्याला काय कळतंय अजून, आणि त्याला घडवायचं काम ज्यांच्याकडं दिलंय त्यांना ते कुणी शिकवलंय का? का बिशपांनी जा म्हणलं आणि गेले, एवढंच? — एक आई, खानापूर तालुका

ताई, हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही, उलट प्रत्येक आईवडिलांनी तो विचारावा असं मला वाटतं. आपण मुलाला इंजिनिअरिंगला घालताना कॉलेजात कोण शिकवतंय, किती शिकलेले आहेत याची चौकशी करतो, मग इथं तर मुलगा आख्खं आयुष्य द्यायला निघालाय.

आता खरं काय ते सांगतो. काही ठिकाणी फादरांना नीट तयारी करून पाठवतात, आणि काही ठिकाणी तुम्ही म्हणताय तसंच होतं, जून महिन्यात बदल्यांची यादी निघते आणि पंधरा दिवसांत फादर पेटी घेऊन सेमिनरीत हजर. तो फादर वाईट असतो असं नाही. पण तालमीत बघा, चार मैदानं मारलेला पैलवान चांगला वस्ताद होईलच असं आपल्याकडं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, कारण स्वतः कुस्ती खेळणं वेगळं आणि कोवळ्या पोराच्या अंगात काय आहे, काय नाही, कुठं त्याला जपायचं, कुठं रेटायचं हे ओळखणं वेगळं. चांगला प्रवचनकार, चांगला कामसू धर्मगुरू, लोकांचा आवडता फादर, हे सगळं असून पण मुलाचं मन ओळखायला तो कमी पडू शकतो.

ख्रिस्तसभेला हे उमजायला वेळ लागला हे पण खरं. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं धर्मप्रांताधर्मप्रांतात, म्हणजे प्रत्येक बिशपांच्या हद्दीत, सेमिनरी असावी असा निर्णय केला, त्याच्या आधी होऊ घातलेले फादर कुठं एखाद्या वयस्कर फादरांच्या हाताखाली, कुठं कॅथेड्रलच्या शाळेत, कुठं विद्यापीठात शिकायचे आणि कितीतरी जणांना धड काहीच शिकवलं जायचं नाही. सेमिनरी झाल्या, इमारती झाल्या, पुस्तकं झाली. पण तिथल्या फादरांची स्वतःची खास तयारी करा, त्यासाठी संस्था काढा, नाहीतर निदान कोर्स तरी चालवा आणि त्यांच्या ठराविक काळानं बैठका घ्या, हे इतक्या स्पष्टपणे सांगितलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, ऑक्टोबर १९६५ मध्ये. म्हणजे मधे चारशे वर्षं गेली. त्याच परिषदेनं असंही म्हणलं की या कामाला धर्मप्रांतातली उत्तम माणसं निवडा. मग १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर घडवण्याच्या चार बाजू मांडल्या, माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, बौद्धिक घडण आणि लोकांच्या सेवेची घडण. आणि पुढच्याच वर्षी, १९९३ ला, व्हॅटिकननं फक्त या घडवणाऱ्या फादरांच्या तयारीवर एक वेगळं मार्गदर्शन काढलं. त्यात कसा माणूस हवा ते सांगितलंय: श्रद्धेचा, लोकांची जाण असणारा, सगळ्यांशी जुळवून घेणारा, मनानं पिकलेला आणि स्थिर, निकोप प्रेम करू शकणारा, ऐकून घेणारा, आजच्या जगाकडं डोळे उघडे ठेवून बघणारा. यात हुशार हा गुण पहिला नाही हे लक्षात घ्या.

तर तुम्ही काय करायचं. पालकांची भेट असते तेव्हा सेमिनरीच्या मुख्य फादरांना, म्हणजे रेक्टरांना, सरळ विचारा, फादर, इथल्या स्टाफपैकी कुणी कसला कोर्स केलाय, आणि नवीन आलेल्या फादरांना कोण सोबत करतंय. राग यायचं कारण नाही त्यांना. तरुण वयाबद्दल म्हणाल तर मला त्याची फार काळजी वाटत नाही, तरुण फादर मुलांना जवळचा वाटतो, आजच्या पोरांची भाषा त्याला कळते, फक्त त्याच्या मागं एक अनुभवी माणूस हवा ज्याच्याकडं तो आठवड्याला बसून बोलू शकेल. तो आहे का तेवढं बघा.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण मनात असणार. सेमिनरीत, विशेषतः लहान सेमिनरीत, अठराच्या आतली मुलं पण असतात. मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. आपल्या देशात मुलांना लैंगिक अत्याचारापासनं वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्यात अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा पण गुन्हा आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या नियमांत अधिकाराचा वापर करून कुणावर, अगदी मोठ्या वयाच्या माणसावरसुद्धा, लैंगिक जबरदस्ती केली तर त्याची तक्रार कशी घ्यायची ते बांधून दिलंय. सेमिनरीतला मुलगा अठराच्या वर असला तरी त्याचं सगळं भवितव्य स्टाफच्या हातात असतं, तो नाही म्हणायला घाबरतो, हे मुलांवर असणाऱ्या प्रत्येक फादरांना नीट समजलेलं असायला पाहिजे. मुलाला सांगून ठेवा, काही खटकलं तर घरी पहिल्यांदा सांग, सेमिनरीची बदनामी होईल वगैरे विचार तू करायचा नाही.

प्रश्न : आमच्या मुलानं तिथल्या एका फादरांना मनातलं काहीतरी सांगितलं म्हणे, आता तो घाबरलाय की ते रेक्टरांना कळलं तर आपल्याला काढून टाकतील. खरंच कळवतात का? — वडील, बेळगाव कॅम्प

कुठल्या फादरांना सांगितलं त्यावर आहे, आणि हे मुलांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायला हवं.

सेमिनरीत दोन वेगळी कामं असतात. रेक्टर, व्हाइस रेक्टर, मुलांवर असणारे फादर हे मुलाचं वागणं, अभ्यास, प्रार्थना, लोकांशी मिसळणं बघतात आणि त्यावर बिशपांना रिपोर्ट देतात. आणि आध्यात्मिक मार्गदर्शक असतो, त्याच्याजवळ मुलानं आतलं बोलायचं असतं, देवाशी नातं, मोह, शंका, भीती, सगळं. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, २४० क्रमांकाचं कलम स्पष्ट सांगतं की मुलाला फादरपदाची दीक्षा द्यायची का किंवा त्याला काढायचं का हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या फादरांचं मत कधीच विचारायचं नाही. कधीच. आणि रेक्टरांनी आपल्याच घरात राहणाऱ्या मुलांची कन्फेशन ऐकू नयेत, मुलानं स्वतःहून एखाद्या वेळी विनंती केली तरच, असं ९८५ वं कलम आहे. ही भिंत मुलाच्या रक्षणासाठी घातलीय.

पण कागदावर भिंत असली तरी स्टाफच्या जेवणाच्या टेबलावर ती टिकते का? तिथंच ट्रेनिंग लागतं. 'अमक्याचं काय चाललंय हो' असं रेक्टरनं सहज विचारलं की आध्यात्मिक मार्गदर्शकानं काय बोलायचं, तर काहीच नाही, हसून विषय बदलायचा, आणि तोंडावर भाव पण येऊ द्यायचा नाही, कारण एक भुवई उडाली तरी समोरच्याला कळतं. हे सांगायला सोपं वाटतंय पण वर्षानुवर्षं एकाच घरात राहून, एकाच ताटावर बसून हे पाळणं फार अवघड आहे, आणि ज्यांनी पाळलंय अशा म्हाताऱ्या फादरांबद्दल मला फार आदर आहे. उलट बाजूनं रेक्टरनं पण असा प्रश्न विचारायचाच नाही हे शिकायला लागतं.

तुमच्या मुलाला विचारा की ज्यांना सांगितलं ते त्याचे आध्यात्मिक मार्गदर्शक आहेत का. असतील तर निर्धास्त राहू द्या. नसतील तर त्यानं त्याच फादरांकडं जाऊन सरळ बोलावं, फादर मी हे सांगितलं ते कुठवर जाणार? विचारायचा त्याला हक्क आहे.

प्रश्न : फादर, मी स्वतः फादर आहे, दीक्षा होऊन सात वर्षं झाली. बिशपांनी बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी फॉर्मेटर्सच्या, म्हणजे मुलांना घडवणाऱ्या फादरांच्या, कोर्सला जा, मग सेमिनरीत. मला पॅरिश, म्हणजे गावच्या चर्चचं काम, आवडतंय. गावात लोक म्हणतात फादरांचं काय चुकलं, ट्रेनिंगला कशाला पाठवतायत. आणि कोर्स म्हणजे परत बाकावर बसून सायकॉलॉजीच्या नोट्स. खरंच याचा उपयोग होतो का? — एक फादर

फादर, तुमच्या पत्रावर मी जरा जास्तच वेळ घेणार आहे, कारण तुमच्यासारखे बरेच जण याच मनःस्थितीत जातात.

कोर्समध्ये सायकॉलॉजी असते पण नोट्स हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. कोर्स कुठला पण असो, रोमला ग्रेगोरियन विद्यापीठात असो, तिथं तर १९७१ पासून सायकॉलॉजीची वेगळी संस्था आहे आणि फॉर्मेटर्ससाठी वेगळं केंद्र पण आहे, नाहीतर आपल्याकडं पुण्या-बेंगळुरूला असो, पहिलं काम असतं स्वतःकडं बघायचं. तुमचं घर कसं होतं, वडील कसे होते, तुम्ही लहानपणी कुणाला घाबरायचा, सेमिनरीत तुमच्याशी कोण वाईट वागलं आणि कोण चांगलं. हे कशाला, असं वाटेल. पण ज्याचे वडील कडक होते तो फादर मुलानं उलट उत्तर दिलं की नको इतका तापतो, किंवा उलट, सगळंच सोडून देतो. जो स्वतः सेमिनरीत एकटा पडला होता तो एखाद्या गप्प मुलाला इतका जवळ घेतो की बाकीच्यांना तो लाडका वाटायला लागतो, आणि एका लाडक्यामुळं आख्खी बॅच बिघडते हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. स्वतःचं हे सगळं माहीत नसलेला फादर मुलाला घडवायला बसला की तो मुलाला घडवत नाही, स्वतःचं जुनं काहीतरी फेडत बसतो.

दुसरी गोष्ट ऐकणं. आपण फादर लोक बोलायला शिकलेले असतो, दर रविवारी बोलतो, लोक ऐकतात. कोर्समध्ये व्हर्बॅटिम म्हणून एक प्रकार करायला लावतात. एखाद्या मुलाशी झालेलं बोलणं नाव-गाव बदलून शब्दन् शब्द आठवून लिहायचं, त्यानं काय म्हणलं, मी काय म्हणलं, मधे गप्प बसलो ते पण लिहायचं, आणि चार-पाच जणांच्या ग्रुपपुढं वाचायचं. एक उदाहरण देतो. कागदावर असं आहे:

मुलगा : बरा आहे फादर.
फादर : घरी सगळं ठीक?
मुलगा : हो... पप्पांचं जरा चालूच असतंय.
फादर : बरं. आणि फिलॉसॉफीच्या पेपरला एवढे कमी मार्क कसे पडले?

वाचणारे फादर पुढं जायला लागतात आणि मार्गदर्शक त्यांना थांबवतात, परत वाचा म्हणतात. परत वाचतात. 'पप्पांचं जरा चालूच असतंय' या वाक्यावर दार उघडलं होतं आणि फादरांनी मार्कांचा विषय काढून ते लावून घेतलं. का काढला? ग्रुपमध्ये कुणी रागावत नाही, फक्त विचारतात, त्या क्षणाला तुमच्या मनात काय आलं. बऱ्याच वेळानं फादर म्हणतात, माझे वडील पण प्यायचे. बघा, म्हणजे मुलाच्या मार्कांचं उत्तर मुलाच्या घरात होतं आणि फादरांच्या प्रश्नाचं उत्तर फादरांच्या घरात. असं एक पान नीट वाचलं की पुस्तकातली पन्नास पानं त्यापुढं कमी पडतात, निदान मला तरी तसं वाटतं.

तिसरं, आपली हद्द ओळखणं. कोर्स करून आलेल्या फादरांचा एक धोका असतो, त्यांना सगळीकडं केस दिसायला लागतात. २००८ साली व्हॅटिकननं सायकॉलॉजीच्या वापरावर जे मार्गदर्शन काढलं त्यात सांगितलंय की मुलांना घडवणाऱ्या फादरांनी स्वतः मानसोपचाराची तंत्रं वापरायची नाहीत, ते काम बाहेरच्या तज्ज्ञांचं, आणि तिथं पण मुलाची मोकळी, समजून दिलेली संमती आधी हवी. तुमचं काम ओळखायचं की इथं आपल्या पलीकडचं काहीतरी आहे, आणि मुलाचा अपमान न होता त्याला योग्य माणसापर्यंत पोचवायचं.

चौथं म्हणजे लिहिणं. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाचा रिपोर्ट लिहायला लागतो आणि आपले रिपोर्ट 'आज्ञाधारक आहे, प्रार्थनाशील आहे, सुधारणेस वाव आहे' असले असतात, त्यातनं ना बिशपांना काही कळतं ना मुलाला. काय बघितलं ते लिहायला शिका, कधी बघितलं ते लिहा, आणि जे लिहिलंय ते मुलासमोर बसून वाचून दाखवायची हिंमत असेल तेच लिहा.

पॅरिश सोडवत नाही म्हणताय, ते मला चांगलं लक्षण वाटतं. ज्याला लोकांची ओढ नाही असा फादर सेमिनरीत गेला तर मुलांना पुस्तकी करून सोडेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं पण पॅरिशचा अनुभव असलेलीच माणसं मागितली होती. तुम्ही आजाऱ्याला कम्युनियन घेऊन मोटरसायकलवरनं चिखलातनं वाडीवर गेलाय, मयताला रात्रभर बसलाय, दोन भावांच्या जमिनीच्या भांडणात मधे पडलाय, हे सगळं त्या मुलांना लागणार आहे.

आता जे मला बिशपांना, आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाच, कळकळीनं सांगायचंय ते इथंच सांगतो. आपल्या बेळगाव धर्मप्रांताला १९५३ पासूनचा इतिहास आहे, गावं लांब लांब, भाषा तीन-चार, फादर कमी. एका फादरांना वर्षभर कोर्सला सोडायचं म्हणजे एका गावची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, अडते, लोक तक्रार करतात, आणि मग पुढच्या वर्षी बघू म्हणून ते राहून जातं. माझं म्हणणं आहे की तरी सोडा. एका फॉर्मेटरच्या हाताखालनं कितीतरी मुलं जातात, त्यातले जे फादर होतील ते पुढं चाळीस-पन्नास वर्षं गावोगावी राहणार, त्यांच्याजवळ लोक रडायला येणार, मुलं शिकायला येणार. आज एका गावानं शेजारच्या गावाला मिस्सेला जायचं कष्ट घेतले तर ते कष्ट वाया जाणार नाहीत. आणि कोर्स करून आलेल्या माणसाला तीन वर्षांत उचलून शाळेचा मॅनेजर करू नका. मुलगा आत आल्यापासनं दीक्षेपर्यंत आठ-दहा वर्षं जातात, आधी तयारीचं वर्ष, मग फिलॉसॉफी, मग रीजन्सी, म्हणजे मधे बाहेर जाऊन कामाचा अनुभव घ्यायचा काळ, मग थिऑलॉजीची चार वर्षं, एवढ्यात त्याच्यावरचे फादर चार वेळा बदलले तर त्याला ओळखणारं कुणी उरतच नाही, प्रत्येक नवीन फादरांपुढं तो परत पहिल्या पानापासनं चांगला मुलगा होऊन बसतो.

लोक काय म्हणतात ते सोडा फादर. जायच्या आधीच्या रविवारी अल्तारावरनंच सांगा की मी तुमच्या पुढच्या फादरांना तयार करायला शिकायला चाललोय. लोकांना नीट सांगितलं की ते नीट समजून घेतात, हा माझा आपल्या भागातला अनुभव आहे.

प्रश्न : मी मराठी शाळेत शिक्षिका आहे. माझा एक माजी विद्यार्थी, खूप चांगला, सेमिनरीत गेला. तिथं सगळं इंग्लिश, बाहेर कन्नड, सोबतची पोरं कोंकणी. सुट्टीला आला तर म्हणतो बाई, तिथं मला मंद समजतात. काय करायचं अशा मुलांनी? — शिक्षिका, निपाणी

बाई, हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे नवीन नाही.

आपल्या सीमाभागातलं पोरगं घरी मराठी बोलतं, बाजारात आणि ऑफिसात कन्नड ऐकतं, चर्चमध्ये कधी कोंकणी, कधी मराठी, कधी इंग्लिश मिस्सा, आणि पुढं बेंगळुरू, पुणे, मंगळूर, गोवा कुठं पण शिकायला गेलं की फिलॉसॉफी इंग्लिशमधून. शाळेत शुद्ध मराठीत दोन-दोन पानं निबंध लिहिणारा मुलगा तिथं वर्गात तोंड उघडत नाही. मुलांवरच्या फादरांनी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? ट्रेनिंग नसलं की सोपा अर्थ लावला जातो: मंद आहे, घुम्या आहे, मिसळत नाही, आणि तेच रिपोर्टमध्ये जातं. प्रार्थनेत त्याला स्वतःच्या शब्दात बोला म्हणलं की तो इंग्लिशमध्ये दोन पाठ वाक्यं म्हणतो, मग शेरा पडतो, प्रार्थनेत खोली नाही. अरे पण तो आईशी ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत देवाशी बोलणार की नाही?

म्हणून मला वाटतं आपल्या भागातल्या मुलांना घडवणाऱ्या फादरांच्या तयारीत हे वेगळं शिकवायला हवं. मुलाला वैयक्तिक भेटीत त्याला येते त्या भाषेत बोलू द्या, तुम्हाला पूर्ण समजली नाही तरी चालेल, हळू बोल म्हणा. आध्यात्मिक मार्गदर्शक त्याच्या भाषेचा मिळत असेल तर तो द्या. पहिल्या तयारीच्या वर्षात, जे २०१६ च्या व्हॅटिकनच्या नियमावलीनं निदान एक वर्षाचं आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचं ठेवायला सांगितलंय, त्यात भाषा पक्की करून घ्यायला वेळ असतो, तो मुलाला लाज न वाटता वापरू द्या. आणि उलट पण, मराठी पोरानं कन्नड शिकायचंच, तक्रार करत नाही तर मनापासनं, कारण उद्या त्याला बैलहोंगल नाहीतर सौंदत्तीकडं पाठवलं तर तिथल्या आज्जीला तो मराठीत कसा धीर देणार?

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, वर्गात एक प्रश्न रोज विचार, मोडका असला तरी. आणि तुम्ही स्वतः रेक्टरांना एक पत्र लिहा, त्याची शिक्षिका म्हणून, हा मुलगा शाळेत कसा होता ते दोन उदाहरणं देऊन. शिक्षकांचं असं पत्र वाचून रिपोर्ट बदललेले मला माहीत आहेत.

प्रश्न : यात बायकांचं काही काम असतं का, का सगळं फादरांच्यातच? — शहापूर, बेळगाव

असतं, आणि ते वाढायला पाहिजे. १९९२ आणि २०१६ च्या दोन्ही दस्तऐवजांत स्त्रियांचा आणि प्रापंचिकांचा, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या लोकांचा, या घडणीतला सहभाग मोलाचा मानलाय. शिकवायला सिस्टर, बाहेरनं येणाऱ्या कौन्सेलर, प्राध्यापिका असतात. पण मला विशेष वाटतं ते मुलं रविवारी ज्या गावात सेवेला जातात तिथल्या बायकांचं मत. हा ब्रदर, म्हणजे सेमिनरीतला मुलगा, घरी आला की कुणाशी बोलतो, चहा पिऊन कप तिथंच ठेवतो का, तरुण मुलींशी कसा वागतो, म्हाताऱ्या माणसाजवळ बसतो का, हे त्यांना पहिल्या महिन्यात दिसतं, आम्हाला सेमिनरीत चार वर्षं दिसत नाही. ते मत मागायला आणि ऐकून घ्यायला फॉर्मेटरनं शिकलं पाहिजे.

प्रश्न : आमचा मुलगा तीन वर्षं सेमिनरीत होता. यंदा मे महिन्यात घरी पाठवला. कारण नीट सांगितलं नाही, 'तुला हे पाचारण (देवाचं बोलावणं) नाही असं आम्हाला वाटतं' एवढंच. गावात लोक काय काय बोलतात. मुलगा खोलीतनं बाहेर येत नाही. आमचा राग कुणावर काढायचा? — आई-वडील, खानापूर तालुका

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं.

पहिलं म्हणजे तुमच्या मुलानं काही पाप केलंय असं समजू नका आणि कुणाला तसं बोलू पण देऊ नका. सेमिनरी हे शोध घ्यायचं घर आहे, तिथं मुलगा शोधत असतो आणि ख्रिस्तसभा पण शोधत असते, आणि नाही हे उत्तर पण खरं उत्तर असतं. जो मुलगा आज घरी आला तो उद्या दुःखी फादर होऊन गावाला दुःख देण्यापासनं वाचला, असं पण असू शकतं.

पण ज्या पद्धतीनं पाठवला ती पद्धत चुकीची आहे, हे मी फादर असून स्पष्ट लिहितोय. मुलाला घरी कसं पाठवायचं हा फॉर्मेटर्सच्या ट्रेनिंगमधला सगळ्यात जड धडा असायला पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी तो शिकवलाच जात नाही. मे महिन्यात एका वाक्यात निरोप द्यायचा नसतो. वर्षभर आधी मुलाला सांगायचं असतं, हे हे आम्हाला दिसतंय, यावर आपण दोघं मिळून काम करू, मग तीन महिन्यांनी परत बसायचं, मग परत, म्हणजे शेवटी निर्णय झाला तर तो मुलाला आभाळातनं पडल्यासारखा वाटत नाही, कित्येकदा तर तोच आपणहून म्हणतो की फादर मला पण तसंच वाटतंय. कारण सांगायचं असतं, समोर बसून, त्याच्या सन्मानाला धक्का न लावता. आणि घरी पाठवल्यावर पण कुणीतरी फोन करायचा असतो. ज्यांनी तीन वर्षं त्याच्याकडनं मनातलं सगळं काढून घेतलं त्यांनी नंतर एक फोन पण न करणं याला सबब नाही.

आता काय करायचं. रेक्टरांकडं भेटीची वेळ मागा, मुलाला सोबत न्या, आणि भांडायला म्हणून जाऊ नका, कारण विचारायला जा. त्याचं चारित्र्य आणि नाव जपलं जाणं हा त्याचा चर्चच्या कायद्यानं पण हक्क आहे, २२० वं कलम. त्याला पुढं कधी दुसऱ्या सेमिनरीत किंवा एखाद्या धर्मसंघात जावंसं वाटलं तर आधीच्या रेक्टरांचं पत्र लागतं, त्यात तो का बाहेर पडला हे लिहावं लागतं, म्हणून कारण आत्ताच स्वच्छ कळलेलं बरं. शिक्षणाची कागदपत्रं, तीन वर्षांचे मार्क, सगळं लेखी मागून घ्या, डिग्रीला नाव घालायचं तर ते लागेल.

मुलाला लगेच नोकरी, लगेच लग्न असं काही मागं लावू नका. तो मिस्सेला यायला तयार नसेल तर थोडे दिवस येऊ नये, देव रागवत नाही. झोप लागत नसेल, जेवत नसेल, जगायला नको असं काही बोलला तर मात्र एक दिवस पण थांबू नका, बेळगावला डॉक्टरांकडं न्या, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या पत्रावरच्या पत्त्यावर मुलाच्या नावानं मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात सेमिनरीतनं बाहेर पडून आज चांगलं शिकवण्याचं काम करणाऱ्या एका माणसाचा नंबर त्याला विचारून दिलाय, तो बोलायला तयार आहे, फोन मुलानं करायचा का ते मुलानं ठरवावं.